फलश्रुती नसलेली पोथी

१७ जून १९९६, सोमवार

आजपासून अधिक महिना लागला. माझ्या मुलाला, हेमराजला, मिलमधून दिवाळीत मिळालेली ही डायरी फळीवर पडून होती, ती आज काढली. आज जे तोंडातून बाहेर पडायचं होतं ते पडलं नाही, म्हणून कागदावर.

आम्ही शिंदखेड्याकडून इथे सुरतेत, बमरोलीला आलो त्याला अठरा वर्षं झाली. तेव्हापासून श्रावणात आणि अधिकात आमच्या ओट्यावर पोथी लागते आणि ती मी वाचते. लायनीतल्या सगळ्या बाया येतात. मागे मागांची खडखड चालू असते, तिच्यावरून माझा आवाज शेवटच्या खोलीपर्यंत जातो. शिक्षण सातवी, पण पोथी वाचावी तर मंगलाने, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही.

आज सहाला सतरंजी अंथरली, समई लावली, पाटावर लाल फडकं घालून पोथी ठेवली. आली एकटी सरलाबाई. बाकीच्या मागच्या गल्लीत भागीरथीकडे. तिच्या भाच्याने, योगराजने, पोथीच्या कॅसेटी आणल्यात म्हणे. पोथी तीच, अध्याय तेच, वर बासरी आणि तंबोरा. सरलाबाईसुद्धा माझ्या ओढीने आली असं नाही. भागीरथी वरच्या मजल्यावर राहते आणि सरलाबाईचा गुडघा जिना चढत नाही.

तिला पहिला अध्याय वाचून दाखवला. निम्म्यात तिला डुलकी लागली.

१९ जून

विरजण मागायच्या निमित्ताने भागीरथीकडे जाऊन आले. सगळ्या हात जोडून टेपरेकॉर्डरपुढे बसलेल्या. एक बाजू संपली की भागीरथी पदर डोक्यावर घेऊन कॅसेट उलटते, जणू काही तीर्थच वाटते आहे. वाचणाऱ्या बुवाचा आवाज गोड आहे, खोटं कशाला लिहू. पण घाई फार. मी जिथे थांबते तिथे तो थांबत नाही.

घरी येऊन यांना सांगितलं. हे पलसाण्याला कापड रंगवायच्या कारखान्यात मशीनवर आहेत, हात कोपरापर्यंत कधी निळे कधी लाल. म्हणाले, "मशीनम्होरे मानूस टिकस नई, मंगला. आमनाकडे नवं मशीन उनं तं सहा जन घर गयात." असं सांत्वन शत्रूनेही करू नये. हेमराज तर जेवता जेवता गुजरातीत म्हणाला, "जवा दे ने, मम्मी." जाऊ दे कसं? महिनाभर संध्याकाळी बायका माझ्या तोंडाकडे बघतात. बाकी वर्षभर माझ्या तोंडाकडे कोण बघतं?

२० जून

मार्ग सापडला. भागीरथीकडे नसलेली पोथी लावायची.

धनश्री, आमची सून, दोन वर्षांपूर्वी अमळनेरहून आली ती लोखंडी पेटी घेऊन. पेटी उचलायला दोन माणसं लागली तेव्हा मला वाटलं, भांडी भरपूर दिलीत. उघडली तर पुस्तकं. बारावी सायन्स झालेली आहे. तिचे वडील शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई होते आणि बाद झालेली पुस्तकं घरी आणायचे. सगळ्यांना खाकी कव्हरं घातलेली, त्यामुळे कोणतं पुस्तक कशाचं ते बाहेरून कळत नाही. मी कधी हात लावला नव्हता.

आज ती पाण्याला गेली तेव्हा पेटी उघडली. तिसऱ्याच पुस्तकाची अनुक्रमणिका बघून मी खालीच बसले. सूर्य, बुध, शुक्र, पृथ्वी, चंद्र, मंगळ, गुरू, शनी. अख्खी नवग्रहांची पोथी घरात आणि मला पत्ता नाही. ओव्यांऐवजी गद्यात आहे, पण चालेल. राहू-केतू दिसले नाहीत, ते शेवटी असतील.

धनश्री आल्यावर सांगितलं की परवापासून ही लावते. ती म्हणाली, "आत्याबाई, ते पुस्तक तसं…" मी तिला तिथेच थांबवलं. या घरात पोथी कोणती लावायची ते अजून मी ठरवते. ती आत गेली आणि पदर तोंडाला लावून बराच वेळ खोकत होती. हवाच तशी आहे.

२२ जून, शनिवार

सरलाबाईकडून लायनीत निरोप पाठवला होता, मंगलाकडे नवग्रहांची दुर्मिळ पोथी लागते आहे, जिची कॅसेट निघालेली नाही. साडेसाती कुणाच्या घरात नाही? सात-आठ जणी आल्या. खाकी कव्हराला हळदकुंकू वाहिलं आणि सुरुवात केली.

सुरुवात अवघड गेली. मी ओवीची चाल लावली, पण वाक्य संपेच ना. दोनदा दम लागला. मग चाल सोडली आणि आपण बोलतो तसं वाचलं. सूर्य म्हणजे तापलेल्या वायूचा गोळा. त्याच्या पोटात आपल्यासारख्या तेरा लाख पृथ्व्या मावतील. त्याचा उजेड आपल्याकडे यायला आठ मिनिटांहून जास्त वेळ लागतो.

इथे सरलाबाईने मला मध्येच अडवलं. "मंग आते जो दिखी ऱ्हायना, तो आठ मिनिट पहिलेना शे का?"

पोथीत कधी कोणी प्रश्न विचारलेला नाही. पोथी संपली की नमस्कार करायचा आणि प्रसाद घ्यायचा. मी पानावर उत्तर शोधायला लागले. स्वयंपाकघराच्या दारातून धनश्री हळू आवाजात म्हणाली, "हो, आजी. आत्ताचा सूर्य आपल्याला आठ मिनिटांनी दिसेल." मग मीही मोठ्याने सांगितलं, हो. सगळ्या जणी माना वळवून पश्चिमेला बघायला लागल्या. तिकडे मिलचं धुराडं आणि ढग, सूर्य काही नव्हताच. तरी बघत होत्या. प्रसाद वाटून झाल्यावरसुद्धा कोणी उठेना.

आवाज लागला होता आज माझा.

२३ जून

ही पोथी नाही.

दुपारी पुढचं वाचून काढलं, काही भलतंसलतं असेल तर आधी कळावं म्हणून. कुठेही व्रत नाही, मंत्र नाही, कोणाला शाप नाही की उःशाप नाही. विज्ञानाचं पुस्तक आहे, शाळेतल्यासारखं, फक्त गोष्ट सांगितल्यासारखं लिहिलेलं. धनश्रीला विचारलं, हे तू मला आधी का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, सांगत होते. हे खरं आहे, त्यामुळे अजून राग आला.

आता काय करू? लावलेली पोथी मध्येच सोडत नाहीत. आणि पोथी नाही असं सांगितलं तर उद्या सगळ्या पुन्हा भागीरथीच्या जिन्यावर. हळदकुंकू वाहिलं म्हणजे पोथीच झाली, असं मी ठरवलं आहे.

बुधाबद्दल यांना सांगितलं. तिथे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत बुधाची दोन वर्षं उलटतात. हे म्हणाले, "मंग तठे मनी पाळी कवय सुटी?" आणि रात्री अंथरुणावर पडून त्या दोन वर्षांच्या पाळीवर आपले आपणच हसत होते. पाळीवरून आल्यावर हसलेले मी फार दिवसांत पाहिले नव्हते.

२६ जून

आज एक नवीन बाई आली. समोरची अंजनाबाई. तिचा नवरा श्रीपत पूर्वी भुसावळला रेल्वेत हंगामी होता, आता इथे मागावर आहे. घरं समोरासमोर आहेत, साखर-चहापत्ती चालते, पण पोथीला ती कधी आली नाही आणि मी कधी बोलावलं नाही. ते बुद्धाला मानतात. आज ओट्याखाली उभी राहून म्हणाली, "मंगलाबाई, हे देवाचं नाई ना?"

मी इकडेतिकडे बघून हळूच सांगितलं, नाही. पण कोणाला बोलू नको.

"मंग मी बी बसते," म्हणाली आणि बसलीसुद्धा. येताना साड्यांचं गाठोडं घेऊन आली होती. आमच्याकडे बहुतेक बाया भरतकामाच्या साड्यांचे सुटे दोरे कापायचं काम घरी आणतात. ती ऐकता ऐकता दोरे कापायला लागली. बाकीच्या माझ्याकडे बघायला लागल्या, पोथीपुढे हातात काम चालतं का? मी म्हटलं, या पोथीला चालतं. भागीरथीकडे तासभर हात जोडून बसावं लागतं. इथे कान पोथीकडे आणि कात्री साडीवर. उद्या बघा किती येतात.

चंद्राचा अध्याय होता. चंद्र पृथ्वीला आपली एकच बाजू दाखवतो, दुसरी कधीच नाही. अंजनाबाईने कात्री थांबवून विचारलं की ती दुसरी बाजू कोणी बघितली का. धनश्री दाराशी उभीच होती. तिने सांगितलं, यान पाठवून फोटो काढले, तिथे खड्डेच खड्डे आहेत. अंजनाबाई म्हणाली, म्हणूनच दाखवत नसेल. सगळ्या हसल्या. मीही हसले, मग आठवलं की मी पाटावर बसले आहे.

धनश्री आता रोज दाराशी येऊन उभी राहते. भाजी फोडणीला टाकून येते आणि मला वाटतं मुद्दाम येते, माझं चुकलं की सांगायला. तोंडावर मात्र भोळा भाव. या मुलीचं पोटातलं कळत नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी असते आणि मी वाचते ते तिचे ओठ आधीच म्हणत असतात.

२८ जून

तेवीस बाया. ओटा पुरत नाही म्हणून खाली पोती अंथरली. एक पंजाबीण आणि दोन गुजरातणी पण होत्या, त्यांना मराठी कितपत कळतं देव जाणे. माझ्या आवाजाची ओढ, दुसरं काय.

फक्त एक अडचण आहे. पोथी सगळी आकाशाची आणि आकाश महिनाभर ढगांनी झाकलेलं. मी म्हणेन ते मुकाट खरं मानावं लागतं.

१ जुलै, पौर्णिमा

गुरूचा अध्याय चालू होता. गुरूवर एक वादळ आहे, तीनशे वर्षं झाली, थांबलेलं नाही. त्या वादळात अख्खी पृथ्वी बुडेल. हे वाचत होते तेवढ्यात ओट्याच्या कडेला बसलेल्या दोघी उठून उभ्या राहिल्या. मी चिडून वर बघितलं तर पूर्वेला मिलच्या पत्र्यांवर ढग फाटले होते, आणि आत चंद्र. त्याच्या अगदी शेजारी एक मोठी चांदणी, न लुकलुकणारी.

धनश्री दारातून धावत बाहेर आली. डोक्यावरचा पदर घसरला तरी तिला भान नव्हतं. "आत्याबाई, हाच तो. हाच गुरू आहे."

मी पुस्तक मिटलंसुद्धा नाही, तसंच हातात घेऊन खाली उतरले. सगळ्या रस्त्यात. सरलाबाईने सवयीने हात जोडले, मग एक हात सोडून कपाळावर धरला, नीट दिसावं म्हणून. मिलमधून सुटलेली माणसं सायकली थांबवून विचारत होती, काय झालं, कोण पडलं. कोणी पडलेलं नाही म्हटल्यावर तीही वर बघायला लागली. एवढ्या मोठ्या वादळाचा एक आवाज इथे येत नव्हता. मला एकदम रडू आलं. का ते सांगता येत नाही. दुःख नव्हतं. बमरोलीत आल्यापासून मी याच जागी कपडे वाळत घालते, आणि तो रोज वरून जात असणार.

भागीरथी गच्चीवर आली होती. मागे तिची कॅसेट चालूच. काय बघताय गं एवढं, म्हणून ओरडून विचारलं तिने. मी म्हटलं, तुझ्या कॅसेटमध्ये नाही ते. हे बोलायला नको होतं, पण बोलून बरं वाटलं.

६ जुलै, शनिवार

शनीचा अध्याय बरोबर शनिवारी आला. मी तसा आणला, त्यासाठी गुरूवर दोन दिवस जास्त रेंगाळले. बाया तेलाच्या वाट्या आणि उडीद घेऊन आल्या. अंजनाबाई तेवढी रिकाम्या हाताने, कात्री घेऊन.

वाचलं. शनी पृथ्वीच्या कितीतरी पट मोठा आहे, पण असा हलका की मावेल एवढा हौद मिळाला तर पाण्यावर तरंगेल. सरलाबाईच्या घरी तिसऱ्यांदा साडेसाती आहे. तिने वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "इतला हलका शे, तं आपला डोकावर साडेसात वरीस कसा काय बठस?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. धनश्रीकडे बघितलं, तर ती कात्री शोधायला आत गेली.

तेलाचं काय करायचं यावर बरीच चर्चा झाली. वाहिलेलं नव्हतं, त्यामुळे परत न्यायला हरकत नाही असं मी सांगितलं, पण न्यायला कोणाला बरं वाटेना. शेवटी सगळ्या वाट्या एका कढईत ओतून भजी तळली. शनीच्या नावाने खाल्लेली भजी इतकी चांगली लागली की दोघीतिघींनी पुढच्या शनिवारचं विचारून ठेवलं.

९ जुलै

आज शेवटचा अध्याय आधी वाचला आणि वाचायला नको होता असं झालं.

सूर्य मरणार आहे. त्याचं जळण संपत जाईल, तो फुगत फुगत बुधाला गिळेल, शुक्राला गिळेल, कदाचित आपल्यालाही. मग आक्रसून विझत जाईल. एवढं लिहून पुस्तक संपतं. पुढे नुसती शब्दांची यादी.

मी ताट सरकवून बसले. यांनी विचारलं तेव्हा सांगितलं. यांचा हात ताटातच थांबला. "कवय?" म्हणाले. मी सांगितलं, पाचशे कोटी वर्षांनी. हे भाकरी मोडत म्हणाले, "मंग आजनी भाकर तं खाई ले."

यांना काय जातं बोलायला. समाप्ती मला करायची आहे. पोथीचा शेवट गोड लागतो. राज्य परत मिळतं, मेलेला मुलगा उठून बसतो, मग फलश्रुती, ऐकणाऱ्याला काय काय मिळेल त्याची. पुण्याच्या महिन्यात ऐन समाप्तीला सूर्य मारायचा? आणि अध्याय सोडावा तर पोथी अर्धवट राहते, तेही अशुभ.

धनश्रीला म्हटलं, शेवटचा सोडून देऊ. ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "गोड तेवढंच वाचलं, तर आधीचं तरी कोणी खरं का मानायचं, आत्याबाई?"

दोन वर्षांत माझ्यापुढे एवढं लांब वाक्य ती पहिल्यांदाच बोलली.

११ जुलै

फुटलं. मी एकट्या सरलाबाईला सांगितलं होतं, म्हणजे लायनीला सांगितल्यासारखंच. भागीरथीने जाहीर केलं आहे की रविवारी तिच्याकडेही समाप्ती, पुरणपोळ्यांसकट. आणि अधिकात सूर्याचं मरण ज्या घरातली बाई ऐकेल त्या घराचं काही खरं नाही.

आज पाच जणी आल्या. उरलेल्या नळावर भेटल्या, पण नजर चुकवून घागरी उचलत होत्या. अमावास्येला नको म्हणून मीही समाप्ती रविवारीच ठेवली आहे. साधं लिहून ठेवते. रविवारी ओटा रिकामा राहिला, तर लाल फडकं धुऊन ट्रंकेत ठेवीन आणि पुन्हा सतरंजी अंथरणार नाही. एकदा कॅसेटने हरवलं ते सोसलं. दुसऱ्यांदा त्याच कॅसेटकडून नाही सोसवणार. मग मी कोण? हेमराजची आई, यांची बायको, कपडे वाळत घालणारी.

१३ जुलै

एकही नाही. अंजनाबाई होती, तिला म्हटलं, आज राहू दे. ती तरी बसली. दोघी मिळून तिच्या साड्यांचे दोरे कापले.

१४ जुलै, समाप्ती

सकाळपासून भागीरथीच्या गल्लीतून पुरणाचा वास. मी शिरा केला. सहाला सतरंजी अंथरली, पोती नाही अंथरली. समई लावताना काडी तीनदा विझली. धनश्रीने चौथी लावून दिली आणि दाराशी न जाता माझ्या मागेच उभी राहिली.

अंजनाबाई आली. पाठोपाठ सरलाबाई, अपराधी तोंड करून. आम्ही वाट बघत बसलो. मी वाचायला सुरुवात करणार तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बायांचा घोळका दिसला. अंगावर जरीच्या साड्या, कोणाच्या ओठाला पुरण लागलेलं. पोळ्या खाऊन, कॅसेटला नमस्कार करून तशाच सगळ्या इकडे. पुढे आलेली म्हणाली, "पुन्य करी उनूत. आते दुसरं काय व्हस ते सांग." शेवट काय होतो ते ऐकल्याशिवाय झोप लागणार नाही म्हणे. सगळ्यात मागे भागीरथी. मी नुसती बघायला आले, असं तिने कोणी न विचारताच सांगितलं. जागा नव्हती, म्हणून अंजनाबाईने गाठोडं सरकवून तिला शेजारी घेतलं.

मग मी वाचलं. चाल न लावता, हळू. कात्र्या बंद होत्या. बुध गेला, शुक्र गेला. आवाज दोनदा फुटला, पण मी थांबले तिथे त्याही थांबल्या. कॅसेट हे करू शकत नाही. शेवटचं वाक्य संपलं. भागीरथीने पदर तोंडाला लावला होता.

सरलाबाईने विचारलं, "कितला वरीस म्हने?"

पाचशे कोटी.

ती बोटांवर काहीतरी मोजायला लागली, मोजता मोजता थांबली आणि मोकळा श्वास सोडला. "मंग काय नई. तवलग मना नातूनं लगीन हुई जाई."

तो नातू अडीच वर्षांचा आहे. आधी अंजनाबाई हसली, मग सगळा ओटा. भागीरथीला तर हसता हसता ठसका लागला, मीच उठून तिला पाणी दिलं.

मी पुस्तक मिटायला गेले तर सरलाबाई म्हणाली, फलश्रुती राहिली. फलश्रुती वाचल्याशिवाय समाप्ती होत नाही. तिचं बरोबर होतं. पुस्तकात तर शब्दांची यादी. महिनाभर येऊन बसलात, त्याचं काय मिळालं ते सांगा, असं त्यांनाच विचारावं असं वाटलं, पण पाटावर मी होते. मग डोळे मिटले आणि अठरा वर्षांची चाल लावली. ओव्या आपसूक येत गेल्या. आल्या तशा इथे उतरवते.

जो ही पोथी ऐकेल नेमाने । त्यास न मिळे सोने-नाणे ।
न टळे नशिबीचे दुखणे । आधीच सांगते ॥

गुडघा दुखायचा तो दुखेल । साडेसाती आपली ती सुटेल ।
नळाला पाणी येईल तेव्हा येईल । पोथीस बोल नको ॥

पण कपडे वाळत घालता । मान वर जाईल अवचिता ।
कोण गं हा, असे पाहता । ओळखीचा निघेल ॥

एवढेच फळ या पोथीचे । ज्याला त्याला प्रश्न पडायचे ।
उत्तर मिळो न मिळो त्यांचे । पुन्हा यावेसे वाटेल ॥

शिरा कमी पडला. भागीरथीने योगराजला पाठवून उरलेल्या पोळ्या आणवल्या. जाताना मला विचारलं की पोथी आणखी कोणती आहे घरात. मी म्हटलं, पेटीभर आहेत.

२८ जुलै, रविवार

चातुर्मास लागला. बाया मागेच लागल्या होत्या. पेटी धनश्रीलाच उघडायला लावली आणि समुद्राचं पुस्तक निवडलं. आमच्यातल्या निम्म्या जणी सुरतेत राहून डुमसच्या चौपाटीपलीकडे समुद्राला कधी भेटल्या नाहीत.

या पंधरा दिवसांत माझं काही ठीक नव्हतं. पोळी करताना मनात येतं, पृथ्वी एवढी फिरते तर पीठ का सांडत नाही. कपडे पिळताना येतं, शनी तरंगेल म्हणतात, पण बुडवून कोणी बघितलं. असे किती प्रश्न साठले. वाचत होते तेव्हा बाकीच्या जणी मनात आलं की विचारून मोकळ्या व्हायच्या आणि मी पुढचं वाक्य शोधायची. पाटावर बसलेल्याला विचारता येत नाही. त्याला सगळं माहीत आहे असं धरून चालतात.

आज सतरंजी अंथरली, पोती अंथरली, समई लावली. सगळ्या जमल्या, भागीरथीसुद्धा, कात्री घेऊन. मी लाल फडक्यावर पुस्तक ठेवलं आणि धनश्रीला हाक मारून सांगितलं, बस पाटावर. ती म्हणाली, "आत्याबाई, तुमची जागा आहे ती." माझा घसा बसला आहे, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. यांनी आतून ऐकलं आणि ठणठणीत घसा कसा बसला म्हणून विचारायला बाहेर आले. त्यांना डोळ्यांनी आत घातलं.

ती बसली. बसताना तिचा चेहरा असा उजळला की मला कळेना, साधं वाचायला तर सांगितलं होतं. मी ओटा उतरले आणि खाली पोत्यावर, अंजनाबाई आणि भागीरथीच्या मध्ये, मांडी घालून बसले. इतक्या वर्षांत आमचा ओटा मी समोरून कधी बघितलाच नव्हता.

धनश्रीने पहिलं वाक्य वाचलं. समुद्राचं पाणी खारट असतं. ती दुसऱ्या वाक्याला लागायच्या आत मी हात वर केला.